दाबजोडाची पक्कड : एका लहान हत्याराच्या निवडीमागील इतिहास

१

इलेक्ट्रॉनिक प्रयोगशाळेत काम करणाऱ्यास एक साधा प्रश्न वारंवार सोडवावा लागतो. बारीक अनेकपदरी तारेच्या टोकावर धातूचे इवलेसे टर्मिनल बसवावयाचे, ते प्लॅस्टिकच्या घरात सरकवावयाचे, आणि अशा रीतीने तयार झालेला कनेक्टर मुद्रित मंडलावरील पिनांवर खोचावयाचा. टर्मिनलाची किंमत नगण्य असते. परंतु ते तारेवर बसविणाऱ्या पक्कडीचा शोध सुरू होताच विलक्षण विषमता दृष्टीस पडते. टर्मिनलाच्या निर्मात्याने केवळ त्याच टर्मिनलासाठी बनविलेल्या पक्कडीस शेकडो डॉलर मोजावे लागतात. अनेक जातींच्या टर्मिनलांस चालते अशी ख्याती असलेली दुसरी पक्कड तिच्या दशांशाहूनही कमी किमतीत मिळते. दोहोंच्या मुठी सारख्या, जबडे सारखे, आणि दोहोंनी बसविलेले टर्मिनल नुसत्या डोळ्यांस बहुधा सारखेच दिसते. मग किमतीतील हा फरक कशाचा?

वरवर पाहता हा प्रश्न खरेदीचा आहे. त्याचे उत्तर मात्र इतिहासात शोधावे लागते. तार आणि टर्मिनल यांचा सांधा चांगला झाला की नाही, हे ठरविण्याचे ज्ञान कोठे वसावे? कारागिराच्या हातात व डोळ्यांत, हत्याराच्या जबड्यात, की टर्मिनल घडविणाऱ्याच्या कागदपत्रांत? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे दिली गेली. पक्कड निवडणारा मनुष्य त्यांपैकी एक उत्तर, बहुधा नकळत, स्वीकारीत असतो. प्रस्तुत निबंधात या तीन उत्तरांचा क्रम लावून, त्यांच्या आधारे निवडीचे काही निकष मांडावयाचे आहेत. कारखान्यात ज्या क्रियेस क्रिंपिंग म्हणतात, तीत उष्णता न देता केवळ दाबाने धातूची नळी किंवा पाकळ्या तारेवर आवळल्या जातात. अशा सांध्यास येथे ‘दाबजोड’ असे म्हटले आहे.

२

दाबजोड रूढ होण्यापूर्वी विद्युत् उपकरणांतील बहुसंख्य सांधे डाखाचे असत. कथिल व शिसे यांची सुमारे १८३ अंश सेल्सिअसला वितळणारी मिश्रधातू तापलेल्या कहियाने सांध्यावर पसरविली जाई. या पद्धतीचा एक मोठा गुण असा की, सांधा स्वतःविषयी साक्ष देतो. डाख नीट वाहिला असेल तर त्याचा पृष्ठभाग तुळतुळीत व किंचित अंतर्वक्र दिसतो. तार हलली असेल किंवा उष्णता कमी पडली असेल तर तो मळकट व खडबडीत दिसतो. अनुभवी तपासनीस भिंगातून पाहून पुष्कळसे दोष ओळखू शके. सांध्याविषयीचे ज्ञान कारागिराच्या हातात असे, आणि त्याची परीक्षा दुसऱ्याच्या डोळ्यांनी होई.

परंतु डाखाच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. तापलेला डाख अनेकपदरी तारेच्या पदरांतून केशाकर्षणाने वर चढतो, आणि जेथवर तो चढतो तेथवर तार ताठ होते. यंत्राच्या कंपनाने तार वाकू लागली म्हणजे सारा ताण ताठ व लवचिक भागांच्या सीमेवर एकवटतो, आणि तार नेमकी तेथे तुटते. विमानात व जहाजात, म्हणजे जेथे कंपन अखंड चालते तेथे, हा दोष गंभीर ठरे. शिवाय प्रत्येक सांध्यास कहिया, फ्लक्स आणि वेळ लागे. अरुंद जागेत दुरुस्ती करताना कहिया नेणेही अवघड होई. डाखकामात तरबेज होण्यास लागणारा काळ हीसुद्धा युद्धकाळात एक अडचणच होती.

३

उष्णतेवाचून सांधा करण्याचे प्रयत्न त्याही आधी चालू होते. बर्न डिब्नर हे या क्षेत्रातील एक प्रमुख नाव होय. १८९७ साली युक्रेनमध्ये जन्मलेला व लहानपणी अमेरिकेत आलेला हा अभियंता क्यूबामधील विद्युत्‌यंत्रणांच्या एकीकरणाच्या कामावर होता. मोठमोठ्या विद्युत्‌वाहकांचे सांधे डाखावाचून कसे करावेत हा प्रश्न त्यास तेथे भेडसावला. १९२४ साली त्याने बर्न्डी ही कंपनी स्थापिली आणि असे जोडक बनविण्यास आरंभ केला. इतिहासाच्या अभ्यासकांस डिब्नरचे नाव आणखी एका कारणाने परिचित आहे. लिओनार्दो दा व्हिंचीच्या यंत्रविषयक कार्याच्या ओढीने तो विज्ञानाच्या इतिहासाकडे वळला. त्याने जमविलेला बर्न्डी ग्रंथसंग्रह पुढे जगातील नामांकित विज्ञानेतिहास-संग्रहांत गणला गेला, आणि त्याचा एक मोठा भाग वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेस मिळाला. १९७६ साली डिब्नरला विज्ञानेतिहासाचे जॉर्ज सार्टन पदक देण्यात आले. जोडक बनविणारा कारखानदार आणि विज्ञानाचा इतिहासकार या दोन भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्याचे हे विरळ उदाहरण आहे.

लहान तारांच्या बाबतीत निर्णायक पाऊल १९४१ साली पडले. अंकस व्हिटकर या अभियंत्याने त्या वर्षी न्यू जर्सी राज्यात ‘एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. विमाने व जहाजे हे तिचे ग्राहक होत, हे नावावरूनच स्पष्ट होते. पुढे ती आद्याक्षरांवरून ‘ॲम्प’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिची मुख्य वस्तू म्हणजे डाखाशिवाय तारेवर बसणारी टर्मिनले, आणि ती बसविणारी हत्यारे. युद्धकाळातील विमान-कारखान्यांस जे हवे होते ते नेमके तिने पुरविले. थोड्या दिवसांच्या शिक्षणाने तयार झालेल्या कामगारासही एकसारखे सांधे करता येऊ लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. व्हिटकरच्या व्यवसायात टर्मिनल व हत्यार या दोन स्वतंत्र वस्तू नव्हत्या. टर्मिनलाची जाडी, त्याच्या धातूची मऊपणाची पातळी, तारेचा छेद आणि जबड्यातील पोकळीचा आकार ही सर्व एकत्र ठरविली जात. जोडाचे ज्ञान या चार मापांच्या परस्परसंबंधात होते, आणि हत्यार हा त्या संबंधाचा एक चतुर्थांश भाग होता. पुढील सर्व इतिहासाची किल्ली येथे आहे.

४

दाब देताना नळीच्या आत काय घडते हे समजून घेतल्याखेरीज हत्यारांतील भेद कळणार नाही. दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर टेकले तरी ते सर्वत्र स्पर्श करीत नाहीत. सूक्ष्म उंचवटे जेथे एकमेकांस भिडतात तेवढ्याच ठिकाणांतून प्रवाह वाहतो. या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने केली. त्याचा विद्युत्‌स्पर्शांवरील जर्मन ग्रंथ १९४१ साली, म्हणजे व्हिटकरच्या कंपनीच्याच जन्मवर्षी, बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. सिद्धान्त व उद्योग एकमेकांपासून दूर, महायुद्धातील परस्परविरोधी पक्षांत राहून, एकाच प्रश्नाकडे वळले होते.

दाबजोडात तारेचे पदर व टर्मिनलाची भिंत इतकी दाबली जातात की धातू कायमचा विरूप होऊन वाहू लागतो. पदरांवरील ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो, निर्भेळ धातू निर्भेळ धातूस भिडतो आणि काही ठिकाणी उष्णतेवाचूनच दोहोंची सांधण होते. पदरांमधील पोकळ्या नाहीशा होतात, आणि हवा व आर्द्रता आत शिरू शकत नाहीत. दाब काढल्यावर टर्मिनलाच्या भिंती स्प्रिंगप्रमाणे किंचित मागे येतात. तारेहून त्या फार मागे आल्या तर सांधा सैल पडतो. म्हणूनच टर्मिनलाचा धातू व त्याची जाडी यांस महत्त्व आहे.

दाब कमी पडला तर पोकळ्या राहतात आणि काही महिन्यांनी त्यांत गंज शिरतो. दाब अधिक झाला तर पदर चिरडले जातात व तार ओढताच तुटते. या दोन टोकांमधील पट्टा अरुंद असतो. तारेच्या धातूचा छेद सामान्यतः १५ ते २० टक्क्यांनी घटावा असा संकेत आहे. त्यातही गुंतागुंत अशी की, यांत्रिक बळ ज्या दाबास कमाल असते त्याच दाबास विद्युत्‌रोध किमान नसतो. रोध किमान होण्यास थोडा अधिक दाब लागतो. टर्मिनलाचा निर्माता या दोहोंमधील एक बिंदू निवडतो आणि तो ‘दाबजोडाची उंची’ या एका मापात व्यक्त करतो. लहान टर्मिनलांत या मापास मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच सूट असते.

डाख व दाबजोड यांतील खरा भेद येथे दिसून येतो. दाबजोडाचे गुण-दोष त्याच्या अंतरंगात असतात. बाहेरून तो नीटस दिसला तरी आत पोकळी असू शकते, आणि ती पाहावयाची तर सांधा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. ज्याची परीक्षा झाली तो सांधा परीक्षेतच नष्ट होतो, आणि जो वापरला जातो तो अपरीक्षित राहतो. म्हणून साक्षीदार बदलणे भाग पडले. सांध्याऐवजी, तो करणाऱ्या हत्याराकडून साक्ष घ्यावी लागली.

५

हत्याराने साक्ष द्यावी यासाठी त्यात रॅचेट आले. मुठी दाबू लागताच एक खिट्टी दातेरी पट्टीवर अडकते, आणि जबडे ठरलेल्या मर्यादेपर्यंत पूर्ण मिटल्याखेरीज ती सुटत नाही. कामगार थकलेला असो, घाईत असो वा नवशिका असो, अर्धवट दाबलेले टर्मिनल त्यास बाहेर काढताच येत नाही. ॲम्प कंपनीने आपल्या अशा पक्कडींस ‘सर्टि-क्रिंप’ असे नाव दिले. प्रमाणपत्राचा अर्थ त्या नावातच गोवलेला आहे, आणि ते प्रमाणपत्र हत्यार देणार असे त्यातून सुचविले आहे.

अमेरिकी लष्कराने ही कल्पना पूर्णत्वास नेली. त्याच्या २२५२० क्रमांकाच्या मानकमालिकेत हत्यारांची वर्गवारी करण्यात आली. पहिल्या वर्गातील पक्कड १२ ते २६ गेज तारांसाठी, आणि दुसऱ्या वर्गातील लहान पक्कड २० ते ३२ गेज तारांसाठी. दोहोंत दाबाची खोली निवडण्यासाठी आठ घरांची तबकडी असते, आणि प्रत्येक जातीची पिन नेमक्या जागी धरण्यासाठी वेगळा धारक बसवावा लागतो. हत्यार झिजले की नाही हे पाहण्यास पोलादी मापकाची पिन असते. तिचे एक टोक जबड्यात गेले पाहिजे व दुसरे जाता कामा नये. अमेरिकेच्या नासा या अवकाशसंस्थेने १९९८ साली काढलेल्या ८७३९.४ या मानकातही पूर्ण चक्र झाल्याखेरीज न उघडणाऱ्या हत्याराचा आग्रह आहे, आणि आधी डाख लावलेल्या अनेकपदरी तारेवर दाबजोड करण्यास स्पष्ट मनाई आहे. या मनाईचे कारण भौतिक आहे. डाख हा मऊ धातू सततच्या दाबाखाली हळूहळू सरकतो, आणि आज घट्ट असलेला सांधा कालांतराने ढिला होतो.

‘चांगला सांधा’ ही कल्पनाही सर्वत्र एकच नव्हती. २२ गेजची, म्हणजे सुमारे ०.३३ चौरस मिलिमीटर छेदाची तार दाबजोडातून ओढली असता तिने किती भार सोसावा? अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीजच्या ४८६-ए या मानकाने ८ पौंड पुरेसे मानले. लष्कराच्या टी-७९२८ या मानकाने १५ पौंडांची अपेक्षा धरली. एकच तार व एकच क्रिया असता जवळजवळ दुप्पट अंतर पडते, ते उपयोगाच्या भेदामुळे. निवडीचा विचार करताना हा मुद्दा विसरता येत नाही.

हॅरी ब्रेव्हरमन याने १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या श्रमविषयक ग्रंथात असे प्रतिपादिले की, आधुनिक उद्योग कामगाराचे कौशल्य हिरावून ते व्यवस्थापनाकडे नेतो. रॅचेटची पक्कड हे या सिद्धान्ताचे मूर्त उदाहरण म्हणून सहज दाखविता येईल. तथापि येथे थोडे थांबणे इष्ट आहे. डाखकाम करणाऱ्याचे कौशल्य पक्कडीने अनावश्यक केले हे खरे. परंतु पक्कडीचे मापन, टर्मिनलाची पारख, तारेवरील आवरण पदर न तोडता सोलणे ही नवी कौशल्ये त्याच वेळी जन्मास आली. कौशल्याचे स्थलांतर झाले असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. ते पुन्हा एकदा उलट दिशेने कसे फिरले, हे पुढील भागात दिसून येईल.

६

युद्धोत्तर काळात रेडिओ, दूरचित्रवाणी, मोटारी व गणकयंत्रे यांचे उत्पादन वाढले, आणि एकेक टर्मिनल हाताने बसविणे परवडेनासे झाले. टर्मिनले पत्र्याच्या अखंड पट्टीतून ठोकून काढून रिळांवर गुंडाळली जाऊ लागली. एका रिळावर हजारो टर्मिनले. यंत्र पट्टी पुढे ओढी, टर्मिनल तोडी आणि त्याच ठोक्यात तारेवर बसवी. अशा टर्मिनलाची रचनाही बदलली. बंद नळीच्या जागी दोन जोड्या उघड्या पाकळ्या आल्या. पुढची जोडी उघड्या तारेवर आत वळते व तिचा छेद इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखा दिसतो. मागची जोडी आवरणास धरते व तारेचा ताण आपल्यावर घेते. दोन जोड्यांची कामे भिन्न, म्हणून त्यांचे आकार व दाबही भिन्न असतात. एकाच ठोक्यात ती दोन्ही साधणारा जबडा त्या एका टर्मिनलासाठीच घडवावा लागतो.

या बदलाने हाताच्या पक्कडीचे स्थान पालटले. उत्पादन यंत्रावर होऊ लागल्याने ती केवळ नमुने व दुरुस्ती यांपुरती उरली. निर्मात्याचा नफा कोट्यवधी टर्मिनलांत. पक्कड मात्र थोड्यांनाच हवी, आणि तिचे जबडे यंत्राच्या जबड्यांइतकेच अचूक पाहिजेत. तिची किंमत शेकडो डॉलर का, याचे उत्तर यात आहे. मोठ्या कारखान्यास ही किंमत क्षुल्लक वाटते. वर्षाकाठी दोनशे सांधे करणाऱ्या प्रयोगशाळेस ती अन्यायकारक वाटते.

याच काळात जपानमध्ये या क्षेत्राचे दुसरे केंद्र उदयास आले. १९५७ साली ओसाका येथे स्थापन झालेल्या एका कंपनीच्या जपानी नावाचा अर्थच ‘जपान दाबजोड-टर्मिनल निर्मिती’ असा आहे. जगात ती जेएसटी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिच्या एक्सएच मालिकेतील पिनांमधील अंतर २.५ मिलिमीटर व पीएच मालिकेतील २.० मिलिमीटर आहे. उलट अमेरिकी परंपरेतील अंतर इंचाचा दशांश, म्हणजे २.५४ मिलिमीटर. फरक अवघा ०.०४ मिलिमीटरचा. दोन पिनांच्या कनेक्टरात तो जाणवतही नाही; परंतु दहा पिनांच्या ओळीत नऊ अंतरांचा मिळून तो ०.३६ मिलिमीटर होतो, आणि पिना तिरप्या होऊ लागतात. मेट्रिक व इंच या दोन मापनपरंपरांचा संघर्ष ग्रंथांत मिटला असला तरी कनेक्टरांच्या खोक्यात तो अद्याप जिवंत आहे.

७

प्रयोगशाळांत व हौशी कामात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कनेक्टराची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. इंचाच्या दशांशाच्या अंतराचे, काळ्या घरांचे हे कनेक्टर बाजारात ‘ड्यूपाँट’ या नावाने मिळतात. त्यांचा मूळ पुरुष म्हणजे पेनसिल्व्हेनियातील बर्ग इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचे मिनी-पीव्ही टर्मिनल. ही कंपनी १९७२ साली ड्यूपाँट या रसायन-उद्योगाने विकत घेतली व १९९३ साली विकून टाकली. १९९८ साली ती फ्रेंच फ्रामाटोम समूहाच्या कनेक्टर-शाखेत गेली, आणि ती शाखा २०१६ साली ॲम्फेनॉल कंपनीने घेतली. ड्यूपाँटची मालकी सुमारे दोन दशकेच टिकली; नाव मात्र बाजाराच्या जिभेवर कायम राहिले.

नाव उरले आणि विनिर्देश गळाला, ही या घटनेतील महत्त्वाची बाब होय. आज ‘ड्यूपाँट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या टर्मिनलांपैकी बहुतेक अनामिक अनुकृती आहेत. त्यांच्या पत्र्याची जाडी, पाकळ्यांची उंची, धातूची प्रत यांविषयी खात्रीचा कागद सहसा नसतो. मूळ टर्मिनलाच्या आवरण धरणाऱ्या पाकळ्या विहित पक्कडीने गोल वेढा घेतात. सर्वोपयोगी पक्कडीत त्याच पाकळ्या ‘बी’ आकारात वळून त्यांची टोके आवरणात रुततात. दोन्हींस तार चिकटून राहते खरी, परंतु त्यांस एकच सांधा म्हणता येणार नाही.

व्हिटकरच्या काळी जे चार घटक एकत्र बांधलेले होते ते येथे सुटे झाले. टर्मिनल एकाचे, तार दुसऱ्याची, पक्कड तिसऱ्याची. आणि त्यांचा मेळ घालणारा कागद कोणाचाच नाही. रॅचेटचा अर्थही यामुळे बदलला. स्वस्त सर्वोपयोगी पक्कडीतही रॅचेट असते, आणि तेही पूर्ण मिटल्याखेरीज सुटत नाही. परंतु तिची साक्ष एवढीच की, जबडे मिटले. जबड्यातील पोकळी या टर्मिनलास व या तारेस योग्य होती की नाही, हे ती सांगू शकत नाही. जोडगोळी अखंड असताना जे प्रमाणपत्र होते, ते जोडगोळी फुटल्यावर केवळ एक आवाज उरते. या हत्याराविषयीच्या बहुतेक फसगतींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

८

इतिहासाच्या या प्रकाशात निवडीचा प्रश्न पुन्हा पाहता येईल. उपलब्ध पक्कडी स्थूलमानाने तीन वर्गांत मोडतात, आणि हे तीन वर्ग आरंभी उल्लेखिलेल्या तीन उत्तरांशी जुळतात.

पहिला वर्ग निर्मात्याच्या विहित पक्कडींचा. येथे ज्ञान निर्मात्याच्या कागदपत्रांत व त्यांनुसार घासलेल्या जबड्यात असते. टर्मिनल धरणारा आधार असल्याने ते तिरपे बसत नाही, आणि दोन्ही जोड्या एकाच दाबात बसतात. ज्या सांध्याच्या बिघाडाने मनुष्यास इजा पोहोचेल, किंवा जो सांधा पुन्हा हाती लागणार नाही, तेथे दुसरा पर्याय विचारात घेऊ नये.

दुसरा वर्ग रॅचेट असलेल्या सर्वोपयोगी पक्कडींचा. त्या जलद चालतात व हातास श्रम देत नाहीत. परंतु त्यांतील ज्ञान कोणत्यातरी सरासरी टर्मिनलाचे असते. आपले टर्मिनल त्या सरासरीच्या जवळ आहे हे तपासून सिद्ध करावयाचे, आणि ते काम वापरणाऱ्याचेच. रॅचेटचा बंद होण्याचा बिंदू बहुधा एका लहान दातेरी चाकाने बदलता येतो; त्याचा उपयोग मापन करूनच व्हावा.

तिसरा वर्ग रॅचेट नसलेल्या, निरनिराळ्या रुंदीच्या खाचा असलेल्या साध्या पक्कडींचा. ओसाका येथील इंजिनिअर कंपनीची पीए-०९ ही पक्कड याचा परिचित नमुना होय. तिच्या खाचा १.० पासून १.९ मिलिमीटरपर्यंत आहेत. तारेच्या पाकळ्या एका खाचेत व आवरणाच्या पाकळ्या दुसऱ्या खाचेत, अशा दोन वेगळ्या दाबांनी सांधा करावा लागतो. काम सावकाश होते, आणि दाब किती द्यावा हे हातानेच ठरवावयाचे असते. डाखकामाच्या युगातील कारागीर येथे परत येतो. त्याच्या हाती निर्णय आहे, म्हणून जबाबदारीही आहे. अनामिक टर्मिनलांच्या बाबतीत ही मोकळीक कधी कधी सर्वोपयोगी जबड्यापेक्षा हितकर ठरते, कारण दोन जोड्यांचा दाब स्वतंत्रपणे जमविता येतो.

वर्ग कोणताही असो, निवडीचा क्रम एकच राहिला पाहिजे. प्रथम टर्मिनल, त्याच्या मालिकेच्या नावाने नव्हे तर पूर्ण क्रमांकाने निश्चित करावे. उदाहरणार्थ, एक्सएच मालिकेतच तारेच्या छेदानुसार वेगवेगळी टर्मिनले आहेत. त्यांपैकी नेहमीचे टर्मिनल सुमारे ०.०८ ते ०.३३ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारांसाठी आहे. नंतर तार निवडावी, आणि तिच्या छेदाबरोबर आवरणाचा बाहेरील व्यासही जुळवावा. हा दुसरा आकडा पाहण्याचे पुष्कळदा राहून जाते, आणि मग आवरणाच्या पाकळ्या एक तर पोहोचत नाहीत किंवा आवरण कापतात. पक्कड शेवटी. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र बहुधा पक्कड आधी विकत घेतली जाते, आणि तिला चालतील अशी टर्मिनले मागाहून शोधली जातात.

पक्कड हाती आल्यावर तिची साक्ष तपासून घ्यावी. दहा-बारा टर्मिनले यासाठी खर्ची घालण्यास संकोच करू नये. पदरांची टोके तारेच्या पाकळ्यांपुढे किंचित दिसली पाहिजेत. दोन जोड्यांमधील जागेत तार व आवरण दोन्ही दिसली पाहिजेत. तारेच्या पाकळ्यांचे मागील तोंड कर्ण्यासारखे किंचित फाकलेले असावे, म्हणजे पदर धारेवर कापले जाणार नाहीत. टर्मिनल वाकलेले वा पिळलेले नसावे, आणि घरात सरकविताच त्याची जीभ खट्‌कन बसावी. यानंतर टोकदार मापनभुजांच्या मायक्रोमीटरने दाबजोडाची उंची मोजावी, आणि निर्मात्याच्या पत्रकातील आकड्याशी ताडून पाहावी. काही नमुने वजन टांगून ओढावेत. शक्य असल्यास एखादा सांधा राळेत बसवून, कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पदर षट्‌कोनांसारखे एकमेकांस भिडलेले व मध्ये काळी पोकळी नसलेली आढळली म्हणजे पक्कड त्या जोडीपुरती विश्वासास पात्र ठरते. त्या जोडीपुरतीच, हे शब्द महत्त्वाचे आहेत. तार किंवा टर्मिनल बदलल्यास परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.

एवढी खटपट ज्यास शक्य नाही, त्याने टर्मिनल आधीच बसविलेल्या तारा विकत घ्याव्यात. यंत्रावर केलेला तो सांधा निर्मात्याच्या मापाचा असतो, आणि थोड्या संख्येच्या कामात तो महागही पडत नाही. काही वेळा उत्तम पक्कड म्हणजे न घेतलेली पक्कड होय.

९

सदोष दाबजोड सहसा करणाऱ्याच्या समोर बिघडत नाही. तो कसोटीच्या दिवशी प्रवाह वाहू देतो. पुढे पावसाळ्यातील आर्द्रतेने, उन्हाळ्यातील प्रसरणाने किंवा कंपनाने महिन्या-दोन महिन्यांत त्याचा रोध वाढू लागतो. आणि मापनयंत्राचे आकडे हेलकावे खाऊ लागतात तेव्हा संशोधक आपल्या सिद्धान्तावर, नमुन्यावर वा उपकरणावर संशय घेतो. तारेच्या टोकाचा संशय सर्वांत शेवटी येतो. एका विद्यार्थ्याने केलेल्या सांध्याची किंमत त्याच बाकावर नंतर बसणारा दुसरा विद्यार्थी मोजतो. या दृष्टीने पक्कडीची निवड ही एका व्यक्तीच्या सोयीची बाब राहत नाही.

तंत्रज्ञानाच्या इतिहासकारासही येथे एक धडा आहे. संग्रहालयांतून जुनी हत्यारे जपली जातात, परंतु दाबजोडाची पक्कड एकटी ठेवली तर ती जवळजवळ मुकी असते. तिच्या जबड्यातील पोकळी कोणत्या टर्मिनलासाठी होती, त्या टर्मिनलात कोणती तार बसे, आणि त्या दोहोंविषयी निर्मात्याने कोणती मापे छापली होती, हे ज्ञात असेल तरच त्या हत्याराचा अर्थ लागतो. पत्रके रद्दीत जातात, टर्मिनले किरकोळ म्हणून फेकली जातात, आणि पोलादी पक्कड तेवढी उरते. साधनांचा संग्रह करताना ही तीनही एकत्र ठेवण्याची दक्षता घेतली पाहिजे.

प्रयोगशाळेनेही हाच नियम पाळावा. टर्मिनलाचा पूर्ण क्रमांक, तारेचा छेद व आवरणाचा व्यास, पक्कडीचे नाव व खाच, मोजलेली उंची आणि दिनांक, एवढी नोंद एका ओळीत मावते. डाखाचा सांधा स्वतःची साक्ष स्वतः देत असे. दाबजोडास ते साधत नाही. त्याच्या वतीने ही एक ओळच बोलू शकते.